तुंबलेली तोटी: घरच्या बिअरचा गाळ काढताना माझा अनुभव

उकळीच्या पातेल्यासोबत, तोटीला आतून लावायची विणलेल्या तारेची एक नळी येते. तिच्यावर माझा राग अजून गेलेला नाही. (मी अमेरिकेत राहतो. इथे १९७८ च्या कायद्याने घरापुरती बिअर करायला मोकळीक आहे. महाराष्ट्रात परवान्याशिवाय हा उद्योग नको.)

दाण्यांचं गाळणं त्यामानाने सोपं. २० लिटरला ५ किलो मॉल्ट (मोड आणून वाळवलेले जवाचे दाणे), भरडताना रोलरमधली फट १ मिमी, ६६ अंशांच्या पाण्यात एक तास भिजवण (यालाच मॅश म्हणतात), मग तोटीतून गाळायचं. पहिले दोन-तीन लिटर गढूळ येतात, ते हलक्या हाताने वरून परत ओतायचे. चोथ्याचा थरच गाळणी होतो. तोटी पाव उघडी ठेवा, घाई केली की थर दबून बसतो. गव्हाला तूस नसतं, म्हणून गहू दीड-दोन किलो असेल तर पाव किलो भाताचं तूस धुऊन मिसळा.

खरी अडचण हॉप्सची, म्हणजे कडवटपणासाठी उकळीत टाकायच्या वेलीच्या बोंडांची. पेलेट म्हणजे हॉप्सची दाबलेली पूड. गरम वर्टमध्ये (दाण्यांतून गाळलेल्या गोड पाण्यात) पडली की काही मिनिटांत विरघळल्यासारखी सुटते आणि तिचा हिरवा चिखल होतो. ती तारेची नळी अख्ख्या हॉप्सच्या बोंडांसाठी ठीक आहे, कारण बोंडं तिच्यावर सैल पसरतात आणि मधून वर्ट वाहतो. पूड मात्र मेंदीच्या लेपासारखी जाळीवर बसते. आधी पाच-सहा लिटर झरझर येतात, मग सुतासारखी धार, मग थेंब. आत अजून चौदा लिटर!

चमच्याने जाळी खरवडली की अर्धा लिटर सुटतो आणि पुन्हा तेच. तोटीतून तोंडाने उलटी फुंकर मारायचा मोह होतो, पण थंड झालेल्या वर्टला तोंडातले जंतू द्यायचे नसतील तर तो आवरा. मलमलचं फडकं लिटरभरातच तुंबतं. अशा वेळी निर्जंतुक केलेल्या सायफनने वरून उपसणं एवढंच हातात उरतं.

आता मी जाळी काढूनच टाकली आहे. आच बंद केली की पळीने दोन मिनिटं एकाच दिशेने जोरात ढवळतो, झाकण ठेवून वीस मिनिटं हात लावत नाही. गाळ मधोमध ढिगासारखा बसतो, तोटी कडेला असल्याने वर्ट स्वच्छ येतो. शेवटचा दीड लिटर सोडून द्यायचा, म्हणून सुरुवातीलाच तेवढं पाणी जास्त धरा.

हॉप्स जास्त असतील तर स्टीलची लटकती जाळीदार नळकांडी वापरा, ३०० मायक्रॉनची. १०० मायक्रॉनची घेऊन मी फसलो: तिची भोकं बुजतात, हॉप्स आत आपल्याच रसात बसतात. नळकांडीत कडवटपणा थोडा कमी उतरतो, तेव्हा उकळीच्या सुरुवातीचे हॉप्स दहा टक्के वाढवा.

कापडी पिशवीत मॅश करणाऱ्यांनी पिशवी खुशाल पिळावी. तुरटपणा पिळण्याने येत नाही, ७७ अंशांच्या वरच्या आणि अल्कधर्मी पाण्याने धुतल्याने येतो.

आंबवल्यानंतर बिअर चाळणीतून कधीही ओतू नका. हवा मिसळली की ती काळपट होते, ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. दोन दिवस २–३ अंशांवर ठेवली की हॉप्स तळाशी बसतात; सायफनच्या टोकाला उकळलेली नायलॉनची पिशवी बांधा आणि टोक गाळाच्या वर धरा.

आणि हो, दोन-तीन बॅचनंतर तोटी पान्याने खोलून बघा. आतल्या, धार उघडबंद करणाऱ्या चेंडूमागे हिरवा थर साचलेला असतो. बाहेरून कितीही पाणी सोडलं तरी तो निघत नाही.