आनाच्या गावाला: ओयुएलोस

स्पेनमधल्या सेगोव्हियाहून अरेव्हालोकडे जाणाऱ्या रस्त्याला लागलं की शहर पटकन मागे पडतं. मग नांगरून टाकलेली तपकिरी शेतं, मध्येच पाइनची एखादी राई आणि वर अफाट आभाळ. गव्हा-बार्लीचा हा मुलूख नोव्हेंबरात अगदी उघडाबोडका असतो. मला तो असाच बघायचा होता, कारण विक्तोर एरिसेच्या 'एल एस्पिरितु दे ला कोल्मेना' (१९७३), म्हणजे 'मधमाश्यांच्या पोळ्याचा आत्मा', या सिनेमात तो असाच दिसतो. गाडी माझी मावसबहीण चालवत होती. ती माद्रिदला नोकरी करते. निघायच्या आदल्या रात्री आम्ही दोघींनी मिळून सिनेमा पुन्हा पाहिला होता.

ओयुएलोस हे सेगोव्हिया प्रांतातलं शंभराच्या आतल्या वस्तीचं गाव. एरिसेने इथे चित्रीकरण केलं आणि कथेतही गावाचं नाव बदललं नाही. सुरुवातीलाच एक जुनाट ट्रक गावात शिरतो. भिंतीवर जू आणि बाणांचं चिन्ह रंगवलेलं दिसतं, ते हुकूमशहा फ्रँकोच्या बाजूच्या फालांखे पक्षाचं. काळ १९४०च्या आसपासचा, यादवी युद्ध नुकतंच संपलेलं. ट्रकमधून फिल्मचे डबे उतरतात, पोरं भोवती नाचतात, दवंडी पिटली जाते: मोठ्यांना एक पेसेता, लहानांना अर्धी. लोक घरून खुर्च्या उचलून आणतात. जत्रेतल्या तंबूत ज्यांनी सिनेमा पाहिलाय, त्यांना इथे काही समजावून सांगावं लागणार नाही.

दाखवला जातो १९३१चा 'फ्रँकेन्स्टाइन', एका शास्त्रज्ञाने घडवलेल्या राक्षसाचा सिनेमा. सहा-सात वर्षांची आना तो पाहते आणि बहिणीला विचारते: त्याने त्या मुलीला का मारलं? आणि मग लोकांनी त्याला का मारलं? इसाबेल थोडी मोठी आहे, तिला थापा मारता येतात. ती सांगते, तो मेलेलाच नाही, तो आत्मा आहे. डोळे मिटून 'मी आना' म्हटलं की येतो. आनाचं काम करणारी आना तोर्रेन्त त्या दिवशी खरोखरच पहिल्यांदा 'फ्रँकेन्स्टाइन' बघत होती. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते कॅमेऱ्याने टिपलं, अभिनय करायला कुणी सांगितलंच नव्हतं. मी पाहिलेल्या साऱ्या सिनेमांत एवढा खरा चेहरा मला दुसरा आठवत नाही.

गावात आम्ही पायीच फिरलो. आनाचं घर म्हणून दाखवलेला दगडी वाडा बाहेरूनच पाहिला. दारासमोर उन्हाला बसलेल्या एका आजींना बहिणीने वाट विचारली, तर प्रश्न पुरा व्हायच्या आत त्यांनी हात करून वाड्याची दिशा दाखवली. घरातल्या प्रसंगांत खिडक्यांना मधाच्या रंगाच्या षटकोनी काचा आहेत. बाप मधमाश्या पाळतो आणि घरातला उजेडही पोळ्यातून गाळून आल्यासारखा पडतो. हा उजेड लुईस क्वाद्रादो या छायालेखकाचा. चित्रीकरण चाललं होतं तेव्हा त्याची दृष्टी हळूहळू जात होती. हे कळल्यापासून मला त्या खिडक्या निवांतपणे बघता येत नाहीत.

गावाबाहेर पडल्यावर मात्र सिनेमातली एक गोष्ट मला नव्याने उमगली. इथे लपायला जागाच नाही. उभं राहिलं की क्षितिजापर्यंत दिसतं, ढेकळांतून चालणारं माणूस कितीतरी वेळ दिसत राहतं. आणि अशा जागी या घरातलं प्रत्येक जण काहीतरी लपवून आहे. आई तेरेसा कुणाला तरी पत्रं लिहिते, सायकलवरून स्टेशनवर जाऊन गाडीच्या टपालडब्यात टाकते. तो माणूस कोण, हे आपल्याला कधीच नीट सांगितलं जात नाही. बाप रात्र रात्र वहीत मधमाश्यांबद्दल लिहितो. आनालाही मग स्वतःचं गुपित सापडतं: माळावरच्या पडक्या घरात लपलेला, गाडीतून उडी मारून पळालेला एक जखमी माणूस. ती त्याला सफरचंद देते, बापाचा कोट देते. कोटात बापाचं घड्याळ असतं, उघडलं की वाजणारं.

त्या माणसाला रात्री गोळ्या घातल्या जातात आणि घड्याळ बापाकडे परत येतं. पुढचा न्याहारीचा प्रसंग माझ्या मते साऱ्या सिनेमाचा गाभा आहे. एका टेबलाशी चौघं, पण कॅमेरा त्यांना एका चौकटीत आणत नाही, एकेकाचाच चेहरा दाखवतो. बाप घड्याळ काढतो, झाकण उघडतो. धून वाजते. इसाबेलला काहीच वाटत नाही. आना मान वर करते आणि बापाला सगळं कळतं, तिलाही. शब्द एकही नाही.

फ्रँको जिवंत असताना, १९७३ साली, हा सिनेमा सेन्सॉरमधून सुटला आणि सान सेबास्तियनच्या महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार घेऊन गेला. सेन्सॉरला कात्री लावायला शब्दच सापडले नसावेत. पण हे मौन नुसती युक्ती नव्हतं. हरलेल्यांच्या घरांतून बोलणंच बंद झालं होतं, आणि अशा घरात मूल वाढलं की ते उत्तरं शोधायला माळावर जातं.

जेवायला आम्ही सांता मारिया ला रेआल दे निएव्हाला थांबलो. तिथल्या मठाच्या ओवऱ्यांतले कोरीव खांब जरूर बघा. राणी कातालिनाने बांधवलेला हा मठ आहे, खांबांच्या माथ्यांवर शिकारी आणि शेतकरी दिसतात. आम्ही तेही बघत होतो आणि वादही घालत होतो. शेवटाकडे तेरेसा एक पत्र आगीत टाकते. बहिणीच्या मते तिने हार मानली. मला तसं वाटत नाही: त्यानंतर रात्री ती वहीवर डोकं टेकून झोपलेल्या नवऱ्याच्या अंगावर पांघरूण घालते, आणि आधीच्या सबंध सिनेमात ती त्याच्या इतकी जवळ आलेली नाही. बहिणीला हे पटलेलं नाही. एरिसेचा 'एल सुर' (१९८३) पाहून मग बोलू, असं ठरलंय. त्यातही बापाचं गुपित मुलीला एका पाकिटावरच्या नावावरून लागतं.