शाकारणीचा दिवस

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीत मी अंगणवाडी चालवते. 2023 साली ती मिनी अंगणवाडी होती. 150 ते 400 लोकवस्तीला तेव्हा मिनी मिळायची, आणि मिनीला मदतनीस नसे. गाणी, गोष्टी, खिचडी, वजनं, रजिस्टर, मोबाईलवरच्या नोंदी, सगळं एकटीकडे. वाडीत रेंज नाही, त्यामुळे नोंदी भरायला संध्याकाळी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, चढायचं.

त्या फेब्रुवारीत पर्यवेक्षिका मॅडम आल्या. पटावर 6 मुलं. वासे वाळवीने पोखरलेले, कोपऱ्यातली कौलं सरकून आत आभाळ दिसत होतं. रजिस्टर मिटून त्या म्हणाल्या, "ताई, पावसाआधी छप्पर झालं नाही आणि पट असाच राहिला, तर ही मुलं गावठाणातल्या अंगणवाडीला जोडावी लागतील." त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. छपराखाली मुलं बसवायची म्हणजे माझ्याही पोटात गोळा यायचा. पण गावठाण अडीच किलोमीटरवर, मध्ये पर्‍या, त्या ओढ्यावर पायी जायचा साकव. श्रावणात त्या साकवावरून मोठी माणसंही एकमेकांचा हात धरून जातात. तीन वर्षांचं पोर तिकडे कोण धाडणार? जोडली म्हणजे बंदच झाली.

पट घसरायलाही कारण होतं. मार्च 2020 ला कोरोनात कुलूप लागलं. शिधा आम्ही घरोघर पोचवत होतो, पण मुलांची यायची सवय मोडली ती मोडलीच. पुन्हा उघडलं तोवर तालुक्याहून इंग्रजी केजीची गाडी वाडीच्या फाट्यापर्यंत यायला लागली होती.

मी देवळात आयांची बैठक बोलावली आणि आहे ते सांगितलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग जिचा मुलगा गाडीने जायचा तीच म्हणाली, "सकाळी सातला जातो, दुपारी येतो तो न जेवताच निजतो. काय शिकला विचारलं तर रडतो. छप्पर करा बाई, मी त्याला हितंच आणते." आणि मागून एका आजीने विचारलं, "बागंतली पोरा कोनी मोजली काय?"

आमच्याकडे हापूसच्या बागांची राखण बहुतेक नेपाळी माणसं करतात. बरेच जण हंगाम संपला की परत जातात, पण दोन कुटुंबं बारमाही राहणारी होती. त्यांची चार मुलं अंगणवाडीच्या वयाची. माझ्या सर्वेक्षणात ती नव्हती. आज आहेत, उद्या जातील, असं धरून मी बागेकडे वळलेच नव्हते. जे मूल माझ्या वस्तीत राहतं ते माझं, हे मला कुणी सांगायला नको होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

प्रशिक्षणात ऐकलं होतं की ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा गरिबांची मुलं बालवाडीत येईनात, म्हणून त्यांनी बालवाडीच त्या मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हे नाव तिथलं. मार्चपासून खिचडी झाली की मी पाटी, मणी आणि माझी सहा मुलं घेऊन बागेतल्या खळ्यात, म्हणजे त्यांच्या अंगणात, जाऊन बसू लागले. आठ दिवस ती चार मुलं दाराआडून बघत होती. नवव्या दिवशी सगळ्यात धाकटी येऊन माझ्या पदराला धरून बसली.

छपराचा अर्ज ग्रामपंचायतीत दिलेला होता, पण निधी पुढच्या वर्षावर गेला. वाडीच्या मुंबईतल्या मंडळाने वासे-रिपांचे पैसे उभे केले. कौलं त्याच आजीने दिली. तिच्या मुलाने घरावर पत्रे घातले होते आणि जुनी मंगलोरी कौलं परसात रचून ठेवली होती. "माज्या सासऱ्यान आणलेली हत, सांबाळून चढवा," एवढंच तिचं म्हणणं.

मेच्या शेवटच्या रविवारी शाकारणी, म्हणजे छप्पर उतरवून नव्याने घालायचं काम, ठरली. चाकरमानी सुट्टीवर होते. उजाडताच पुरुष वर चढले, कुजके वासे खाली आले, नवे बसले. आजीच्या परसापासून अंगणवाडीपर्यंत बायकांची रांग लागली. एकेक कौल हातातून हातात, मध्ये फडक्याने पुसून. दोन्ही बागकरी भाऊ न बोलावता आले आणि कोने, म्हणजे छपराच्या माथ्यावरची कौलं, बसवायचं जोखमीचं काम त्यांनीच अंगावर घेतलं. एका चुलीवर पिठलं-भात, एकीवर चहा. गाडीने जाणारा तो मुलगा रांगेशेजारी उभा राहून कौलं मोजत होता, आणि ती धाकटी त्याच्यामागून तिच्या भाषेत. "एक, दोन." "एक, दुई." पंधरावीस कौलांनंतर त्याचंही "दुई" झालं.

ऊन उतरताना आत उभी राहून मी वर पाहिलं. एका फटीतूनही उजेड नव्हता. लगेच वजनकाटा काढला. धाकटी काट्यावर चढली, पण चपला काढेना. नव्या होत्या, बाजारातून त्याच दिवशी आणलेल्या. तिच्या आईने चपला उचलून छातीशी धरल्या, तेव्हा ती काट्यावर स्थिर उभी राहिली. वजन वयाच्या मानाने कमी निघालं. तिची नोंद वेगळ्या पानावर केली आणि रोजच्या खिचडीत तिच्यासाठी एक डाव जास्त धरला.

काळोख पडायच्या आत सड्यावर चढले. गाडीची तीन मुलं परत आली होती, बागेतली चार, आधीची सहा. 13 नावं भरली. शेवटचं नाव चढायला रेंजने फार वेळ घेतला, मी मोबाईल डोक्यावर धरून उभी होते.

त्या वर्षी पाऊस उशिरा आला. पहिल्या सरीला एक कौल गळलंच. खाली टोप ठेवला, मुलं त्याभोवती गोल करून बसली आणि थेंब मोजू लागली, एक, दुई, तीन.