लिफ्ट धरत नव्हती: मिनी ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक घरीच खोललं, तो अनुभव

चोपडा तालुक्यात आमची सहा एकर काळी जमीन. तीन एकरात केळी, बाकी बागायती कापूस. कपाशीच्या ओळीत मोठा ट्रॅक्टर जात नाही, म्हणून सात वर्षांपूर्वी मिनी ट्रॅक्टर घेतला आणि मागे तीन फुटी रोटाव्हेटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं औजार. यंदा जुलैत पावसाने उसंत दिली नाही, तण पार गुडघ्याला लागलं. शेवटी पाऊस उघडला, वापसा आला, म्हणजे रान औजार चालण्याइतपत सुकलं, आणि नेमकं त्याच दिवशी मागचं औजार तेलाच्या दाबाने उचलणाऱ्या लिफ्टने अंग टाकलं.

इंजिन बंद करून, रोटाव्हेटर वर उचललेला ठेवून मी विहिरीवर मोटार बघायला गेलो. परत येईस्तोवर तो जमिनीला टेकलेला. लिव्हर होती तिथेच होती. इंजिन चालू असताना तो टेकत नव्हता, पण दर पाच-सात सेकंदांनी मागे झटका बसायचा. जरा उतरायचा की पुन्हा वर. त्या झटक्याचं कारण नंतर समजलं. लिव्हर ज्या जागी ठेवू तितक्याच उंचीवर औजार धरून ठेवणं हे पोझिशन कंट्रोलचं काम. आत तेल गळून लिफ्टचे हात खाली आले की व्हॉल्व्ह आपोआप उघडतो, पंपाचं तेल सिलिंडरमध्ये जातं आणि हात पुन्हा वर येतात. गळती जास्त, तितके झटके लवकर लवकर.

तेलाची पट्टी काढून पाहिली, लेव्हल बरोबर होती. बाहेर कुठे ओल नाही. तालुक्याच्या गावी एका वर्कशॉपला नेला. तिथे पाना न लावताच सांगितलं, पंप, व्हॉल्व्ह आणि सिलिंडरचं किट सगळं बदला. १४,००० रुपये आणि चार दिवस. पैशांपेक्षा मला ते चार दिवस जास्त खुपले. काळ्या रानाचा वापसा कोणासाठी थांबत नाही.

आमच्या गल्लीतले आबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, आता घरीच असतात. त्यांना सांगितलं, "आबा, लिफ्ट धरत नाही, सगळं खोलावं लागेल म्हणतात." ते एवढंच बोलले, "आधी देख, मंग खोल." आणि चप्पल घालून माझ्यासोबत आले.

आमच्या ट्रॅक्टरला सीटच्या खाली पुढच्या अंगाला एक गोल नॉब आहे, औजार हळू किंवा जलद सोडायचा. रस्त्याने जाताना तो पूर्ण बंद करायचा असतो, एवढंच मला माहीत होतं. आबांनी सांगितलं, हा नॉब सिलिंडर आणि कंट्रोल व्हॉल्व्ह यांच्या मध्ये बसतो. तो बंद केला की सिलिंडरमधलं तेल व्हॉल्व्हकडे परत जाऊच शकत नाही. आता नॉब बंद करूनही औजार खाली येत असेल, तर तेल सिलिंडरमधल्या पिस्टनच्या रिंगवरून निसटतंय. थांबलं, तर दोष व्हॉल्व्हमध्ये.

खबरदारी म्हणून रोटाव्हेटरखाली विटांची थप्पी लावली आणि पोरांना लांब उभं केलं. लोअर लिंकच्या, म्हणजे औजार जोडायच्या खालच्या दांडीच्या, टोकाची उंची टेपने मोजली, चाकावर खडूने रेघ मारली. नॉब उघडा ठेवून तीन मिनिटांत सव्वासहा इंच खाली. पुन्हा उचललं, नॉब घट्ट बंद केला: तीन मिनिटांत सहा इंच. म्हणजे पिस्टनची रिंग. पंप तर संशयातून सुटलाच, कारण इंजिन बंद असताना पंपाचा संबंधच नसतो, आणि उचलायला तो दणक्यात उचलत होता. अर्ध्या तासात १४,००० चं काम एका रिंगवर आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात काम काढलं. रोटाव्हेटर सोडवला, लिव्हर पूर्ण खाली करून हात टेकू दिले, म्हणजे आत दाब राहत नाही. चाकांना दोन्हीकडून दगड. मग आधी डिझेल आणि ब्रशने लिफ्टचं घर धुतलं. यात घाई करू नका. आमची काळी माती तेलात मिसळून डांबरासारखी चिकटते, आणि झाकण उचलताना तिचा एक खडा आत पडला तरी नव्या रिंगचं आयुष्य संपलं. टॉपलिंकचे (औजाराला वरून धरणारी दांडी) आणि उजव्या लिफ्ट रॉडचे (लिफ्टचा हात आणि लोअर लिंक जोडणारी दांडी) बाहेर दिसणारे आटे मोजून लिहिले, सीट काढली, आतल्या कंट्रोलच्या दांड्या कुठे अडकतात त्याचे मोबाइलवर फोटो काढले. लिफ्टचं वरचं घर दोघांनाही उचलवेना, म्हणून बोअरची मोटार काढायची तिपाई आणि चेनपुली आणली.

सिलिंडरचं झाकण खोलून लाकडी दांड्याने दाबत पिस्टन बाहेर घेतला. काही जण कॉम्प्रेसरची हवा मारून काढतात, ते कधीच करू नका, पिस्टन गोळीसारखा सुटतो.

आणि तिथे खरी गोष्ट दिसली. पिस्टनच्या एकाच खाचेत दोन रिंगा असतात: काळी रबरी ओ-रिंग आणि तिला चिकटून पांढरी, चपटी, कडक बॅकअप रिंग. ओ-रिंगची एक कड पूर्ण गोलाईत उंदराने कुरतडल्यासारखी झालेली. पांढरी रिंग मात्र धड होती, कारण ती उलट्या बाजूला बसवलेली होती, तेलाच्या दाबाकडे! दाब ओ-रिंगला पलीकडे ढकलतो. तिथे पिस्टन आणि सिलिंडरमध्ये केसाएवढी फट असते, ती झाकायलाच बॅकअप रिंग. ती पाठीशी नसेल तर रबर त्या फटीत शिरतं आणि प्रत्येक उचलीला थोडं थोडं कापलं जातं. तीन वर्षांपूर्वी हे बाहेर एकदा खोललं होतं, तेव्हाची ती चूक. तीन हंगाम आम्ही त्यावर काढले. मला त्या क्षणी खूप राग आला होता.

सिलिंडरच्या आत नख फिरवलं. एक बारीक रेघ दिसत होती, पण नख अडकत नव्हतं. अडकलं असतं तर नवी रिंगही टिकली नसती, सिलिंडरचंच काम करावं लागलं असतं.

रिंग आणताना एक फेरी वाया गेली. जवळच्या दुकानातून आणलेली रिंग गोलाईला बरोबर, पण खाचेत बसवली तर कडेच्या वर येईना. जाडी मोजायचा व्हर्नियर लावला: जुनीची न घासलेल्या जागी जाडी ५.३ मिमी, नवीची ३.५. मग पिस्टनच पिशवीत घालून जळगावला गेलो, हायड्रॉलिक सीलच्या दुकानात. दोन्ही रिंगा आणि गॅस्केट तिथे मिळालं. जाताच आहे म्हणून लोअर लिंकची एक पिनही घेतली. औजार जोडायच्या या लहान मापाच्या सांगाड्याला खालची पिन २२ मिमीची आणि टॉपलिंकची १९ मिमीची असते. आमची खालची झिजून २० वर आलेली, म्हणूनच औजार डोलत होतं.

बसवताना आबांनी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, तेल कुठून येतं आणि ओ-रिंग कुठे ढकलली जाते. रिंगा तेलात भिजवल्या, बोटांनीच चढवल्या, स्क्रूड्रायव्हर जवळही आणला नाही. बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळले. तेल भरून, औजार न लावता पंधरा वेळा लिफ्ट वर-खाली केली, हवा निघाल्यावर पट्टी पुन्हा पाहिली, अर्धा लिटर तेल अजून लागलं. तेल, रिंगा, गॅस्केट, पिन मिळून २,३०० रुपये झाले.

संध्याकाळी रोटाव्हेटर जोडून उचलला, इंजिन बंद केलं, टेप लावली. तीन मिनिटांत काहीच नाही. आबा ओट्यावर बसून राहिले. अर्ध्या तासाने पुन्हा मोजलं, अर्धा इंच. "एवढं चालस," म्हणाले आणि जेवायला गेले.

रिंगची दोन्ही मापं आणि पांढरी रिंग कोणत्या बाजूला, याचं चित्र मी टूलबॉक्सच्या झाकणाला आतून रंगाने काढून ठेवलंय. पोरगा आता अकरावीत आहे, पुढच्या वेळी बहुतेक तोच खोलेल.