घरचा थ्रॉटल, 40 रुपयांचा स्लायडर आणि वाया गेलेले 11 दिवस

आमच्या सांगलीत विमानतळ नाही आणि मला विमानाचं वेड शाळेपासनं, त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात ठरवलं की फ्लाइटगिअर (कॉम्प्युटरवर विमान उडवायचा सिम्युलेटर) तर फुकट मिळतं, त्यातलं सेस्ना 172 हे छोटं विमान उडवायचं पण माऊसनं नाही, हातात खरा दांडा पाहिजे. विकतच्या थ्रॉटलची, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायच्या दांड्याची, किंमत बघून ते पान लगेच बंद केलं. प्रो मायक्रो (दांडा-बटणं यूएसबीनं कॉम्प्युटरला जोडणारा छोटा आर्डुइनोसारखा बोर्ड) मागवला, प्लायवूडचा डबा केला, बटणं बसवली, त्यात सांगण्यासारखं काही नाही, दोन रविवारात झालं. एक अख्खा रविवार केबलनं खाल्ला ते वेगळं, बोर्डावरचा दिवा लागायचा पण कॉम्प्युटरला काही दिसायचंच नाही, कारण ती केबल नुसती चार्जिंगची, डेटाच्या वायरीच नाहीत तिच्यात!

पण डोक्यात अजून बसलाय तो स्लायडर.

थ्रॉटलला 60 मिलिमीटरचा सरकणारा पॉट (पोटेन्शिओमीटर, सरकवला की रोध बदलतो) लावायचा होता, 10के म्हणजे 10 हजार ओहमचा. बाजारातल्या एका दुकानात गेलो, तिथं सगळे अँप्लिफायर आणि डीजेवाले असतात. "10केचा स्लायडर आहे का?" "आहे की, मिक्सरचा ना?" मी म्हणालो हो, तसलाच. तिथंच माती खाल्ली.

घरी येऊन जोडला. एका टोकाला 5 व्होल्ट, दुसऱ्याला ग्राउंड, मधली वायर बोर्डाच्या ए0 पिनला. सीरियल मॉनिटरवर (बोर्ड वाचतो ते आकडे दाखवणारी खिडकी) खाली 0, वर 1023 म्हणजे पूर्ण, झकास. दोन्ही टोकं बरोबर येत होती म्हणून पॉटवर संशयच आला नाही. विमान धावपट्टीवर आणलं, दांडा हळूहळू पुढं सरकवला तर निम्म्यापर्यंत इंजिन नुसतं कुरकुरतंय, आणि नंतर दोन बोटं सरकवलं की एकदम बोंबललं, विमान डावीकडं गवतात. परत केलं, परत गवतात.

मग काय काय केलं विचारू नका. सगळे जोड परत डागले, वायरी बदलल्या, फ्लाइटगिअर काढून परत टाकलं, कोड चार वेळा नव्यानं लिहिला. (कोडमध्ये काहीतरी चुकलं की बोर्डाचा पोर्टच गायब होतो, तेव्हा घाबरू नका, आरएसटी (रीसेट) आणि ग्राउंडची पिन वायरनं पटपट दोनदा टेकवायची, 8 सेकंद मिळतात, तेवढ्यात अपलोड सुरू झालं पाहिजे. मी हे कळायच्या आधी एक बोर्ड मेला म्हणून कचऱ्यात टाकलाय.) शेवटी कोडातच उलटा कर्व्ह टाकून आकडे सरळ केले आणि जिंकलो असं वाटलं, पण पॉटचे आकडे तसेही 3-4 नं हलतच असतात, खालच्या निम्म्यात ते ताणल्यामुळे 12-13 नं हलायला लागले, आरपीएमचा (इंजिनाच्या फेऱ्यांचा) काटा थरथर थरथर. आणि लँडिंगला दांडा खालच्या निम्म्यातच असतो की राव!

अकराव्या दिवशी वैतागून पॉट सोडवला, मल्टिमीटर लावला. दांडा बरोबर मध्यावर, 5के यायला पाहिजे, आलं दीड. पोरगी शेजारी बसली होती, तिनं मोबाईलचा कॅमेरा झूम करून बाजूचं बारीक अक्षर वाचलं, "पप्पा, ए10के लिहिलंय." ए म्हणजे लॉग, आवाजाचा. आपल्या कानाला आवाज सारखा चढल्यासारखा वाटावा म्हणून तो मुद्दाम सुरुवातीला हळू आणि शेवटी धडाधड वाढवतात. आपल्याला पाहिजे बी, लिनिअर, म्हणजे सगळीकडं सारखा वाढणारा. एका अक्षरासाठी अकरा दिवस.

परत दुकानात. "मालक, मला लिनिअर पाहिजे होता." "मग तसं बोलायचं ना दादा, तुम्ही मिक्सर म्हणालात." डागलेला माल परत घेत नाही म्हणे, आणि बी मागवायला लागेल, उद्या या. ते उद्या नऊ दिवस चाललं. शेवटी तीन एकदम घेऊन टाकले. तुम्ही जाल तेव्हा नुसतं 10के म्हणू नका, काउंटरवरच मल्टिमीटर लावून मध्यावर मोजा, दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

अरे हो, आर्डुइनो उनो बोर्ड घेऊ नका यासाठी. त्याच्या मुख्य चिपला स्वतःची यूएसबी नाही, सरळ जॉयस्टिक म्हणून ओळखला जात नाही. लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो घ्या, दोन्हीत 32यू4 चिप असते, तिच्यात यूएसबी असते.

बी लावला त्या रात्री उजळाईवाडीवरनं (कोल्हापूरचा विमानतळ) उडालो, कृष्णा धरून सांगलीवर एक चक्कर मारली, आयर्विन पूल काही दिसला नाही, आणि परत येऊन पहिल्या दणक्यात उतरलो. बायको म्हणाली, झोपा आता.

तो ए10के गल्लीतल्या मंडळाच्या मिक्सरला लावून दिला. तिथं एकदम बरोबर चालतोय.