‘देते’ आणि ‘दिलं’

गणपतरावांचं हृदय त्या दिवशी सहा वेळा बंद पडलं. गणपतराव म्हणजे प्रशिक्षणासाठी आणलेला रबरी पुतळा. कमरेखाली काहीच नाही, म्हणून वॉर्डातल्या मावशींनी त्याला हिरवी चादर गुंडाळली. नावही त्यांनीच ठेवलं.

मी विदर्भातल्या एका सरकारी रुग्णालयात कॅज्युअल्टीला, म्हणजे तातडीच्या विभागात, सिस्टर आहे, १९ वर्षं झाली. ‘टीमवर्क ट्रेनिंग’ची ऑर्डर आली तेव्हा आम्हाला वाटलं, नेहमीचंच असणार: सेमिनार हॉल, प्रोजेक्टर, समोसा, सही, ग्रुप फोटो. पण नागपूरहून आलेल्या भूलतज्ज्ञ मॅडमनी हॉल बघितलासुद्धा नाही. पुतळा थेट कॅज्युअल्टीच्या शेवटच्या कॉटवर टाकला आणि म्हणाल्या, “जे आत्ता ड्यूटीवर आहेत तेच या. मामा, तुम्ही कुठं चाललात? तुम्हीपण.” वॉर्डबॉय मामांना आणि मावशींना प्रशिक्षणाला बोलावलेलं मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

पहिली फेरी. सीएमओ सर (कॅज्युअल्टीचे ड्यूटी डॉक्टर), एक निवासी डॉक्टर, दोन इंटर्न, मी, माझी जोडीदार सिस्टर आणि मामा. मॅडमनी मोबाइलवर शूटिंग लावलं. छाती दाबणं सुरू झालं. सर म्हणाले, “अ‍ॅड्रिनलिन द्या.” मी म्हटलं, “देते सर.” जोडीदारही म्हणाली, “देते सर.” दोनेक मिनिटांनी सरांनी विचारलं, “गेलं का?” आम्ही दोघी एका सुरात, “हो सर.”

मग व्हिडिओ पाहिला. मी सिरिंज भरली, पण आयव्हीपाशी, म्हणजे शिरेतल्या सुईपाशी, इंटर्न काहीतरी खटपट करत होता, म्हणून ती ट्रेमध्ये ठेवली आणि अँबू (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) शोधायला वळले. जोडीदारानं ट्रेमधली भरलेली सिरिंज पाहिली आणि धरून चालली की औषधाचं मी बघतेय. औषध कुणीच दिलेलं नव्हतं. खोटंही कुणी बोललं नव्हतं, आणि हेच मला जास्त लागलं.

“‘देते’ म्हणजे काय?” मॅडमनी विचारलं. कुणी बोलेना. खरंच, काय अर्थ आहे त्याचा? ‘येते हं जेवायला’ म्हणणारी पाहुणी तेव्हा घरी साडीच्या निऱ्या काढत असते. मॅडमनी ‘देते’ हा शब्द त्या दिवसापुरता बंद केला. डॉक्टरनं नाव घेऊन सांगायचं, ऐकणाऱ्यानं औषध आणि डोस परत म्हणायचा, आणि औषध शिरेत गेल्यावर वेळेसकट ‘दिलं’ म्हणायचं. याला क्लोज्ड लूप म्हणतात. ‘कुणीतरी आयव्ही बघा रे’ यातला कुणीतरी आमच्या हजेरीपटावर नाही, हे सरांनी स्वतःच कबूल केलं.

आकड्यांचंही तसंच. बहुतेक वेळा आम्ही आकडे इंग्रजीतच बोलतो, पण घाईत मराठी तोंडात येतं. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, एकोणऐंशी की एकोणनव्वद? गोंगाटात दोन्ही सारखेच ऐकू येतात, आणि त्या दोन्हींत पेशंटचा जमीन-अस्मानाचा फरक आहे. तेव्हापासून आम्ही ‘सात-नऊ’, ‘आठ-नऊ’ असे सुटे अंक म्हणतो. सुरुवातीला हसू यायचं.

छाती दाबण्यात मामा सगळ्यांत सरस निघाले. मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. इंटर्नना श्वास लागत होता, मामा मात्र उखळात कांडावं तसे शांत. आयुष्यभर स्ट्रेचर ढकलल्याचा फायदा.

पण मामांची आठवण राहिली ती तिसऱ्या फेरीमुळे. कोविडनंतर आमच्याकडे ऑक्सिजन भिंतीतून येतो, ट्रॉलीवर मात्र अजून छोटा सिलिंडरच. मॅडमनी त्या फेरीत गणपतरावांना ट्रॉलीवर घेतलं आणि मुद्दाम रिकामा सिलिंडर लावला. आम्ही सहा जण चार मिनिटं हवेचा अँबू दाबत होतो. नंतर मॅडमनी विचारलं, “काटा कुणी पाहिला होता?” मामांनी हळूच हात वर केला.

“म्या पाह्यला होता जी. झिरोवर होता.”

“मग सांगितलं का नाही?”

“एवढे डॉक्टर उभे होते. म्हटलं, त्यायले माहीतच असन.”

कुणी हसलं नाही. मॅडमनी तिथंच उभ्या उभ्या एक गोष्ट सांगितली. २७ मार्च १९७७, कॅनरी बेटांवरचं टेनेरिफ विमानतळ, दाट धुकं. एक जंबो विमान उड्डाणासाठी धावत सुटलं, दुसरं अजून त्याच धावपट्टीवर होतं. पहिल्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरनं विचारलं होतं, ते दुसरं विमान बाजूला झालं नाही का? कप्तान त्या कंपनीच्या अतिज्येष्ठ वैमानिकांपैकी. त्यांनी ठामपणे ‘झालंय’ म्हटलं. इंजिनिअर पुन्हा बोलला नाही. ५८३ माणसं गेली. असल्या अपघातांनंतर वैमानिकांना एकत्र काम कसं करायचं, वरिष्ठाला कसं टोकायचं, हे रीतसर शिकवायला लागले. दवाखान्यांनी ते त्यांच्याकडून उचललं. मामा सगळं ऐकून एवढंच म्हणाले, “त्यानं दुसऱ्यांदा इचाराले पाह्यजे होतं.” मॅडम म्हणाल्या, नियम तोच आहे: ऐकलं नाही तर दुसऱ्यांदा सांगायचं.

टोकण्याच्या पायऱ्याही आहेत, अमेरिकेत २००६ साली आलेल्या एका प्रशिक्षणातल्या. आधी ‘मला काळजी वाटतेय’, मग ‘मला अस्वस्थ वाटतंय’, शेवटी ‘थांबा, पेशंटला धोका आहे’. मधली पायरी आमच्याकडे चालेना. जोडीदारानं सरावात “सर, मला अस्वस्थ वाटतंय” म्हणताच सरांनी खरंच तिला खुर्ची दिली. आम्ही त्याजागी ‘सर, मला हे पटत नाहीये’ असं ठरवलं. हे वाक्य सरावात म्हणतानाही माझा घसा कोरडा पडला. १९ वर्षांत मी सरांना शंभर गोष्टी सुचवल्या असतील, पण सगळ्या ‘सर, ते… करायचं का?’ अशा प्रश्नाच्या आडून.

तक्रारही नोंदवून ठेवते. प्रशिक्षण एकच दिवसाचं. इंटर्न दर १५ दिवसांनी बदलतात, म्हणजे त्या दिवशी शिकलेले दोघं महिनाअखेर दुसऱ्या वॉर्डात. आणि रात्रीला आम्ही दोघीच. चौघींचं काम दोघींत करणं याला टीमवर्क म्हणायची सोय कुणी करू नये.

तरी एक रात्र सांगते. फवारणीचे दिवस. एका शेतकऱ्याला भावांनी आणलं, कीटकनाशक प्यायलेला. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला फेस, छातीत घरघर. अशा पेशंटला अ‍ॅट्रोपिन हे उताऱ्याचं औषध लागतं, आणि आमच्याकडे एका अँप्यूलमध्ये ०.६ मिलिग्रॅम असतं. ३ मिलिग्रॅमनं सुरुवात केली तर पाच अँप्यूल. पाच मिनिटांत छाती मोकळी झाली नाही तर दुप्पट, म्हणजे दहा. मग वीस. पूर्वी एकाच सिस्टरनं फोडायचं, भरायचं, द्यायचं आणि लिहायचं. मग बोट कापायचं आणि हिशोब चुकायचा. त्या रात्री सरांनी नावं घेऊन कामं वाटली. जोडीदार फक्त अँप्यूल फोडून भरत होती. मी देत होते आणि ‘दिलं’ म्हणत होते. इंटर्न पोरगी भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर वेळ आणि डोस लिहीत होती. मावशी ग्लोव्हज घालून त्याचे कपडे काढून साबणपाण्यानं अंग धूत होत्या.

वीस अँप्यूलचा डोस झाल्यावर पल्स बरीच वाढली. सर म्हणाले, “आता थांबू.” फळ्यापाशी उभी असलेली पोरगी आधी पुटपुटली, मग मोठ्यानं म्हणाली, “सर, मला हे पटत नाहीये. पल्स वाढलीय, पण छातीत घरघर आहेच.” ही तर प्रशिक्षणाला नव्हतीसुद्धा. जोडीदारानं तिला चहाच्या वेळी शिकवलं होतं. सरांनी पुन्हा स्टेथोस्कोप लावला, ऐकलं, आणि माझं नाव घेऊन पुढचा डोस सांगितला.

पहाटे चारला त्याला आयसीयूत न्यायला निघालो. मामा ट्रॉलीच्या डोक्याशी. निघताना ओरडले, “साहेब, काटा शंभरवर!” लिफ्टपाशी पुन्हा, “साहेब, काटा नव्वद!” सर फोनवर आयसीयूशी बोलत होते. हात हलवून म्हणाले, “कळलं, कळलं.”

मामांनी लिफ्टचं दार पायानं अडवलं. “‘कळलं’ नाही जी साहेब. आकडा म्हना.”

सरांनी फोन खाली घेतला आणि म्हणाले, “नव्वद.”