एका पॉइंटची फट

मंगळवार, रात्री उशिरा

आज मी एका विद्यार्थिनीच्या हातातून स्टिक, म्हणजे छपाईचे खिळे (शिशाची सुटी अक्षरं) ओळीत जुळवायची हातातली चौकट, काढून घेतली.

एवढंच झालं. कुणी काही बोललं नाही, तिनेही नाही. तरी घरी आल्यापासून तेच डोळ्यांपुढे येतंय.

दोन ओळी जुळवायला तिला ४० मिनिटं लागली होती. खिळे उलटे, निक म्हणजे खिळ्यावरची खाच वर, डावीकडून उजवीकडे, शिरोरेषा खाली आपल्या बाजूला. हे सगळं तिला जमलं होतं. दुसरी ओळ मात्र सैल होती. अंगठ्याने जरा ढकललं की खिळे डुलत होते, शिरोरेषेत केसभर फट दिसत होती. नेमकं सैल कुठे आहे ते शोधत ती एकेक खिळा दाबून बघत होती. तास संपत आलेला. मी "दे इकडे" म्हटलं, दोन शब्दांमधला कोरा तुकडा, म्हणजे 'मधली' स्पेस काढली, 'जाड' घातली. १२ पॉइंटच्या खिळ्यात ३ पॉइंटच्या जागी ४. ओळ घट्ट बसली. ती "थँक्यू मॅम" म्हणाली आणि हात धुवायला गेली.

ते थँक्यू मला लागलं.

घाई होती, हे खरं. पण गेल्या आठवड्यात खिळेजुळणीची खोली चालू का ठेवायची याचं टिपण मीच लिहिलं होतं ना. त्यात जर्मनीतल्या देसाऊच्या बाउहाउस या कला-डिझाइनच्या शाळेचा दाखला दिला होता, १९२५ पासून हर्बर्ट बायरने चालवलेल्या छपाईच्या कार्यशाळेचा. पडद्यावर आकडा बदलला की ओळी सरकतात, इथे दोन ओळींमध्ये शिशाची पट्टी ठेवावी लागते, ओळींमधल्या अंतराचा लेडिंग हा शब्दच तिथून आला, असं लिहिलं होतं. कोरी जागासुद्धा इथे चिमटीत धरता येते, तिला वजन असतं, ती मोजून घालावी लागते. हे एकदा बोटांना कळलं की पुढे कॉम्प्युटरवर मुलं जागा आंधळेपणाने सोडत नाहीत. यातला शब्द न् शब्द मला पटलेला आहे. मीटिंगमध्ये त्याचं काय झालं ते आज लिहीत नाही.

आणि आज नेमकी तीच जागा तिच्याऐवजी मी घातली.

कंटाळा आलाय मला. तासांसाठी भांडा, शाईसाठी भांडा, ट्रेडलच्या, म्हणजे पायाने चालवायच्या छपाईयंत्राच्या, रोलरसाठी अर्ज करा, आणि दर वेळी "याचा पुढे उपयोग काय" याचं उत्तर एकटीने द्या. मला हे शिकवणारे सर असते तर... जाऊ दे.

सरांनी माझ्या हातातली स्टिक कधी घेतली नाही. माझी पहिली ओळ कितव्या खेपेला बसली आठवत नाही, पण ती बसली तेव्हा बोटांना काय कळलं ते अजून लख्ख आठवतं. ओळ स्टिकमध्ये आधाराशिवाय उभी राहते आणि तरी बोटाने सरकते. मी दर वर्षी हे सांगते, सांगून कुणाला कळत नाही. सर तेव्हा हात मागे बांधून खिडकीशी उभे असायचे. त्यांचं लक्ष नाही असं मला वाटायचं. ते हात मागे ठेवणं त्यांना किती जड जात असेल, ते आज कळतंय. मलाही जमेल, वेळ लागेल.

सगळ्या गेल्यावर स्टिक पुन्हा हातात घेतली होती. जाड स्पेस काढून खणात टाकली, मधली परत जागेवर ठेवली. ओळ होती तशी सैल झाली. स्टिक तिच्या टाइपच्या केसवर, खिळ्यांच्या खणांच्या पेटीवर, ठेवून आले. ओळ पुन्हा सैल का झाली, हे तिला सांगावं लागेल. कसं सांगायचं ते अजून सुचलेलं नाही. गुरुवारी तिचा तास दिवसातला शेवटचा आहे, उशीर झाला तरी चालेल.