शून्य नोंदी आणि दोन ओळी

‘दुष्काळ’ असा शब्द टाकला आणि पडद्यावर उत्तर आलं, एकही नोंद नाही. एम. ए. अर्थशास्त्राची विद्यार्थिनी देवघेवीच्या टेबलापाशी उभी होती. तिच्या मागच्याच कपाटात त्या विषयावरची 14 पुस्तकं मी माझ्या हाताने लावली होती.

मी ग्रंथपाल आहे. संगणकाचं शिक्षण घेतलेलं नाही, जे येतं ते काम करता करता आलं. 2020 च्या टाळेबंदीत दाखल नोंदवहीतल्या 18 हजार नोंदी मी आणि आमच्या साहाय्यकाने कोहा या ग्रंथालयाच्या संगणक प्रणालीत आणल्या. त्यांतल्या निम्म्याहून जास्त मराठी. इंग्रजी नावं झटक्यात सापडायची, मराठी मात्र असून नसल्यासारखी.

कोहाच्या अधिकृत पुस्तिकेत ‘यूजआयसीयू’ नावाची सेटिंग दिसली. इंग्रजीखेरीजच्या लिप्यांशी तिचा संबंध आहे एवढं कळलं आणि मी ती लगेच बदलली. पुन्हा शोधलं, शून्यच. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी तोच परिच्छेद सावकाश वाचला. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की ही सेटिंग अनुक्रमणिका, म्हणजे शोधासाठी केलेली शब्दांची सूची, बदलत नाही. तुम्ही आयसीयू, म्हणजे वेगवेगळ्या लिप्या हाताळणारी सोय, आधीच चालू केलं असेल, तर ते कोहाला सांगण्यापुरतीच ती आहे, कारण कोहाला ते आपलं आपण कळत नाही. म्हणजे पुस्तिका खरंच सांगत होती. पण आयसीयू चालू कसं करायचं, हे त्या जागी नव्हतं, आणि मला हवं होतं ते तेवढंच.

ते मिळालं दुसऱ्या एका ग्रंथपालाने लिहून ठेवलेल्या पानावर. शोधाचं काम झेब्रा नावाचा प्रोग्रॅम करतो आणि तो मुळात रोमन अक्षरांच्या हिशेबाने मांडलेला असतो, हे मला तिथे पहिल्यांदा समजलं. ‘डिफॉल्ट.आयडीएक्स’ ही फाइल उघडायची. ‘चारमॅप’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या जागी ‘आयसीयूचेन’ची ओळ घालायची. शब्दांसाठी एक, वाक्यांशांसाठी एक, दोन्हीकडे बदल करायचा. पुढे त्या माणसाने लिहिलं होतं: आधी फाइलची प्रत काढा, जुनी ओळ पुसू नका, तिच्यापुढे # टाका, आणि सगळ्या नोंदींची अनुक्रमणिका ग्रंथालय बंद झाल्यावर नव्याने करा, वेळ लागतो. असं तोच लिहितो ज्याने कामाच्या वेळेत हे करून पाहिलेलं असतं. संध्याकाळी सहानंतर केलं. ‘दुष्काळ’ टाकलं, चौदाच्या चौदा आली.

म्हणून आपल्यातल्यांनी लिहिलेलं तेवढं चांगलं, असं मी म्हणणार नाही. त्याच पानावरची कोहा बसवायची कृती डेबियन या संगणक चालवणाऱ्या प्रणालीच्या ‘स्क्वीझ’ आवृत्तीच्या काळातली होती, म्हणजे 2011 च्या आसपासची. आमचा साहाय्यक ती जशीच्या तशी टाइप करत बसला आणि ‘एपीटी-की’ या आज्ञेपाशी अडला. डेबियन 13 मधून तर ती आज्ञाच काढून टाकली आहे. तिथे अधिकृत सूचना अद्ययावत होत्या, अर्ध्या तासात काम झालं. तेव्हापासून कुठलंही पान उघडलं की मी आधी तारीख आणि आवृत्ती बघते. कोहाची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी, मे आणि नोव्हेंबरमध्ये, येते. तारीख नसलेल्या पानावर विश्वास टाकायचा तरी कशाच्या जोरावर?

मला खरं बोचतं ते वेगळंच. कोहा जन्माला आलं न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या सार्वजनिक ग्रंथालयांसाठी, जानेवारी 2000 मध्ये ते तिथे सुरू झालं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. त्याची अधिकृत पुस्तिकाही आपल्यासारखेच लोक वेळात वेळ काढून लिहितात. मग या दोन ओळी त्या सेटिंगच्या शेजारी का नसाव्यात? आपण अडतो, मार्ग काढतो, स्वतःपुरतं टिपून ठेवतो आणि पुस्तिकेला नावं ठेवतो. मीही वर्षभर तेच केलं. शेवटी साहाय्यकाला शेजारी बसवून इंग्रजीत चार वाक्यं लिहिली आणि पुस्तिका सांभाळणाऱ्यांकडे पाठवली. मराठीत एक वेगळं पानही केलं, वर तारीख, आवृत्ती आणि अडलं तेव्हा पडद्यावर काय दिसत होतं ते.

परवा शेजारच्या तालुक्यातल्या एका ग्रंथपालबाईंचा फोन आला. “मॅडम, दोन्ही ओळी बदलल्या, मराठी यायला लागलं. पण आमच्या आवृत्तीत त्या सेटिंगचं नाव वेगळं आहे हो.” त्यांना नाव अक्षर अक्षर सांगायला लावलं आणि फोन ठेवायच्या आधी ते पानात घातलं.